'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय डाऊन?

पीकविम्याची शेवटची तारीख असो की लाडक्या बहिणींचं ई-केवायसी, आपल्या जिल्ह्यातल्या सेतू केंद्रावर एकच वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डाऊन हाय भाऊ, उद्या या." उद्या येणाऱ्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळंच. मग मुदतवाढ मिळते आणि बातमी संपते. मुदतवाढ हे उत्तर नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेल्वेचं बघा. आयआरसीटीसीच्या जुन्या यंत्रणेतून मिनिटाला सुमारे २,००० तिकिटं निघायची. एप्रिल २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली, तिची क्षमता ७,२०० ची. शेगावहून मुंबईचं तत्काळ काढताना आजही घाम फुटतो, ते खरंच. पण फरक पडला. कारण सारखी लागणारी माहिती दरवेळी डिस्कवरून न काढता मेमरीत ठेवली, तीही अनेक मशीनवर वाटून. यालाच डेटा ग्रिड म्हणतात.

मतदार यादी आठवा. अख्ख्या मतदारसंघाची यादी एकाच टेबलावर ठेवली तर? म्हणून ती बूथनिहाय वाटतात. ग्रिडमध्ये तसंच, शिवाय प्रत्येक भागाची एक प्रत शेजारच्या मशीनवर. एक बंद पडलं तरी काम चालू. गर्दी वाढली की मशीन वाढवा.

दुसरा पर्याय इन-मेमरी डेटाबेस. सगळी माहिती मेमरीत, बहुधा एकाच दणकट मशीनवर. गुंतागुंतीचे हिशेब, अहवाल यांना हा उत्तम. (नगरपालिकेच्या घरपट्टीला साधा डेटाबेसही पुरतो. तिथं ग्रिडचं टेंडर निघालं, तर मी आधी ते टेंडर वाचीन!)

पण लाखो माणसं एकाच दिवशी येणार हे ठाऊक असताना सगळा भार एका मशीनवर टाकणं म्हणजे लोकांना ताटकळत ठेवणं. अर्थात ग्रिड म्हणजे जादूची कांडी नाही. बर्थ कोणाला मिळाला, हे आजही रेल्वेच्या पीआरएसमध्येच ठरतं. पीकविम्याच्या अर्जाला आधार, सातबारा, बँक खातं लागतं. त्यातलं एक जरी अडलं, तरी पुढचा ग्रिड नुसता वाट बघणार.

तेव्हा पुढच्या पत्रकार परिषदेत "तारीख वाढणार का?" एवढंच विचारून थांबू नका. शेवटच्या दिवशी तासाला किती अर्ज येतील असं धरलं होतं, तेवढ्या भाराची चाचणी घेतली का, आणि अडलं नेमकं कुठे, हे विचारा. मी विचारणार आहे.