दांतांची तार व तिचें गणित

आमच्या नातीचे वरचे दांत पुढें आलेले. हंसतांना तिचा हात आपोआप तोंडाकडे जाई. मार्गशीर्षांत विवाह ठरला, तेव्हां घरच्या मंडळींच्या आग्रहास्तव आम्हीं दंतवैद्य बाईंस सुचविलें कीं, तार अंमळ घट्ट आवळावी, म्हणजे काम लौकर उरकेल. बाई हंसून म्हणाल्या, "मास्तर, दांत मागें ओढणें सोपें आहे, त्याचें मूळ बरोबर आणणें कठीण."

ओल्या मातींत रोवलेल्या खुंटाचा माथा मागें ढकलला, तर त्याचें पुरलेलें टोंक पुढें सरकतें. दांताचेंही तसेंच. ज्या बिंदूवर जोर लावला असतां दांत न कलतां सबंध सरकेल, तो बिंदु हिरडीआड, मुळांत असतो. ओढ मात्र पडते ती दर्शनी भागास चिकटविलेल्या ब्रॅकेटवर. गोल तार ब्रॅकेटच्या खांचेंत फिरूं शकते. म्हणून नुसत्या तिच्या ओढीनें दांत कलतो, मूळ मागें येत नाहीं. अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यांनीं १९२५ च्या सुमारास चौकोनी खांच व चौकोनी तार यांची पद्धति पुढें आणली, तिचें मर्म येथेंच आहे. चौकोनी तारेस दिलेला पीळ मुळापर्यंत पोंचतो. तोही सर्व नव्हे, ०.०२२ इंचांच्या खांचेंत ०.०१९ × ०.०२५ इंचांची तार सुमारें १० अंश सैल फिरते, तितका पीळ फुकट जातो.

घट्टपणाचें गणित तर वर्गांत घालण्यासारखें आहे. गोल तारेची जाडी दुप्पट केली कीं ताठपणा १६ पट होतो. लांबी दुप्पट केली कीं तो अष्टमांशावर येतो. एवढ्याशा तोंडांत लांबी आणावी कोठून? तारेस इंग्रजी टी अक्षरासारखा वळसा घालून. त्यामुळें ओढ हलकी राहते व पुष्कळ दिवस टिकते. वळशाच्या दोहों बाजूंस नेमका बांक दिला तर मूळही मागें येऊं लागतें. १९७० नंतर आलेली निकेल-टायटेनियमची तार फार लवचीक खरी, परंतु तिला असे वळसे सहज घालतां येत नाहींत. वांकडे दांत आरंभीं ओळींत आणण्यास ती उत्तम. या कामास पोलाद किंवा टायटेनियम-मोलिब्डेनमची तारच घेतात.

आमची सूचना बाईंनीं मानली असती तर? अतिरिक्त जोरानें मुळाचें टोंक झिजूं शकतें, आणि झिजलेलें मूळ पुनः वाढत नाहीं. हें घरीं सांगतांच आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "मग पोर बोहल्यावर तारेसकट उभी राहणार कीं काय?"

"राहीन कीं, आजी," नात म्हणाली.

लग्नाच्या छायाचित्रांत तार स्पष्ट दिसते. अजून सहा महिने तरी ती काढतां येणार नाहीं, असें बाई सांगतात.