तिथे पाहुणे, इथे मालक!

एके काळी मराठी माणसाची धाव म्हणजे अष्टविनायक, काशी-रामेश्वर आणि फार तर काश्मीर! केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. अशा मंडळींनी टूर मॅनेजर, आपल्या भाषेतल्या गप्पा आणि परदेशातही वरणभात एवढी सोय करून दिली, आणि आपले काका-मामा युरोप पाहून आले. आता पाळी आफ्रिकेची. रविवारचा पेपर उघडा, सिंह तुमच्याकडे बघत असतो.

मीरा रोडचे माझे काका-काकू याच वर्षी अशा ग्रुप टूरला निघालेत. केनियात मसाई मारा, बोत्स्वानात चोबे नदीवर बोटीतून हत्ती बघणे, झांबेझीवर सूर्यास्ताची क्रूझ आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. तिथले लोक त्याला 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणतात, म्हणजे गरजणारा धूर. रुंदी १७०० मीटरच्या वर, उंची सुमारे १०८ मीटर. पिवळ्या तापाची लस टोचून झाली, दुर्बीण आली, खाकी टोप्या आल्या. हेवा वाटला. का वाटू नये?

पण मला खरी गंमत वाटली ती सूचनांच्या कागदाची. गाडीतून उतरायचं नाही. आरडाओरडा नाही. प्राण्यांना खायला द्यायचं नाही. कचरा टाकायचा नाही. अंधार पडायच्या आत परत. बोटीतून हात बाहेर काढायचा नाही, कारण चोबेत मगरीही आहेत आणि पाणघोडेही. मारात तर एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत असाही नियम आहे. काशीमीऱ्याच्या सिग्नलला कधीही न थांबणारे आमचे काका हे सगळं वाचून म्हणाले, "बरोबर आहे रे. त्यांच्या घरी जायचं तर त्यांच्या रीतीनं वागायला नको?"

काकांचं हे वाक्य मला लाखमोलाचं वाटतं. आणि माझा सगळा लेख त्या एका वाक्यावरच आहे.

आता आपला नकाशा बघू. आपण राहतो ते काशीमीरा. एका अंगाला अहमदाबादकडे जाणारा हायवे, दुसऱ्या अंगाला ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रोड, उत्तरेला वसईची खाडी, आणि पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. घोडबंदर रोडने चेण्याच्या पुढे गेलात की उजवीकडे मुख्य जंगल आणि डावीकडे खाडीपर्यंत पसरलेला नागला ब्लॉक. म्हणजे जंगल एकच, मधून आपण रस्ता काढलाय. उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. मसाई माराचं सुमारे १५१०. माराच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याचं हे जंगल, पण २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत इथे आणि आजूबाजूला ४७ बिबटे नोंदले गेले. ज्याच्या एका दर्शनासाठी मारात माणसं तासन्‌तास जीपमध्ये बसतात, तोच हा प्राणी!

इथे कोणी लगेच म्हणेल, "काखेत कळसा नि गावाला वळसा." तर तसं मला अजिबात म्हणायचं नाही. आफ्रिकेला जरूर जा. आणि कृपा करून बिबट्या बघायला रात्री टॉर्च घेऊन चेण्याला जाऊ नका. बिबट्या म्हणजे शो नाही. तो दिसत नाही यातच त्याचं आणि आपलं भलं आहे. माझा मुद्दा बघण्याचा नाही, वागण्याचा आहे. आफ्रिकेत आपण पाहुणे असतो, म्हणून शहाण्यासारखे वागतो. इथे आपण स्वतःला मालक समजतो, म्हणून कसेही वागतो. प्राणी तोच. माणसंही तीच. मग फरक कसला?

हे मालकपण किती पोकळ आहे ते 'आजोबा'च्या गोष्टीवरून कळतं. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून एक वयस्क नर बिबट्या काढला गेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं. आणि हे आजोबा निघाले! महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालले. कसाऱ्याचे रूळ ओलांडले, हायवे ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला, शेवटी खाडी पोहून आपल्या इकडच्या जंगलात दाखल झाले. ना टूर मॅनेजर, ना तिकीट! वाटेत एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. त्यांच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमाही आला. पण आजोबांना तो बघायचा नव्हता. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद हायवेवर एका गाडीने त्यांना उडवलं. म्हणजे पाहुण्यासारखा वागला तो बिबट्या, आणि मेला तो आपल्या रस्त्यावर.

आता होस्टेलच्या मागे या. मेसचं उरलेलं अन्न रात्री उघड्यावर पडतं. त्यावर कुत्री जमतात. आपल्याला वाटतं, बिचारी कुत्री, खाऊ देत. पण अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की त्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने पाळीव नि भटके प्राणी ८७ टक्के आहेत, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. थोडक्यात, आपण उघडी बादली ठेवतो तेव्हा बिबट्याला ताट वाढतो. मारात प्राण्याला बिस्किट टाकलं तर गाईड ओरडेल. इथे आपण रोज पंगत मांडतो आणि मग "बिबट्या वस्तीत शिरला" अशी बातमी वाचून घाबरतो!

माझ्या रूममेटचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "टूरवाले आठ दिवस राहून परत येतात रे, त्यांना नियम पाळायला काय जातंय? आपल्याला कायम राहायचंय. सरळ पिंजरा लावा नि लांब नेऊन सोडा." त्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. ज्या घरातलं लेकरू गेलं त्यांना सहजीवनाचं प्रवचन द्यायचा अधिकार मला तरी नाही. आपल्याकडेही २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती हल्ले फार वाढले होते, आणि जून २००४ हा महिना तर सगळ्यात वाईट गेला.

पण 'लांब नेऊन सोडा' हा उपाय करून बघितलेला आहे. २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा हिशोब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ पर्यंत गेले. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आपण फॉल्ट काढला नाही, दुसऱ्या लाईनवर ढकलला. अनोळखी जागी सोडलेला, बिथरलेला प्राणी घराकडे निघतो आणि वाटेत माणसं भेटतात. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या भरतो. जो बिबट्या माणसांवर हल्ले करतोय त्याला पकडावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

हे लक्षात आल्यावरच २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या काळात वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर यांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यांचा भर पिंजऱ्यावर नव्हता. कचरा उचला, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याला निघून जायला वाट द्या, हे त्यांचं सांगणं. वाचून बघा, आफ्रिकेच्या सूचनांच्या कागदाशी किती जुळतं ते!

आणि हे शहाणपण काही बाहेरून आलेलं नाही. जंगलातल्या पाड्यांवरचे वारली आणि इतर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजत आलेत. घोडबंदर रोडवरच्या एका गावाचं नावच वाघबीळ आहे. त्यांनी जंगलाचा धनी कोण हे कधीच ठरवून टाकलंय. पण एक कडू गोष्टही सांगायला हवी. आपल्यासाठी बिबट्या म्हणजे थरार, पाड्यावरच्या बाईसाठी तो रोजचा धोका. संडास नाही, दिवा नाही, तर अंधारात बाहेर जावंच लागतं. तिला जीपमध्ये बसून राहण्याची सोय नाही. तिथे पाहुण्याचे नियम पाळायचे तर आधी दिवा आणि संडास पोचवावा लागेल. हे काम वनखात्याचं जितकं, तितकंच पालिकेचं.

आपण तर होऊ घातलेले इंजिनिअर! रस्ते आपणच बांधणार. नागपूरकडे पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ पूल आणि भुयारी वाटा केल्या आहेत, त्यातल्या काही तर साडेसातशे मीटर लांबीच्या. कॅमेरे लावले तेव्हा त्यांखालून वाघसुद्धा जाताना दिसले. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्याच राज्यात होऊ शकतं. मग आपल्या दारातल्या घोडबंदर रोडवर मुख्य जंगल आणि नागला ब्लॉक यांच्यामध्ये अशी वाट कुठे नि कशी काढता येईल, यावर आपल्या सिव्हिलच्या एखाद्या बॅचने फायनल इयर प्रोजेक्ट का करू नये? दरवर्षी तोच तो पार्किंगचा प्लॅन किती दिवस?

उगाच आफ्रिकेला डोक्यावर घ्यायचीही गरज नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मारा नदीकाठी पर्यटक गाड्यांतून उतरून अगदी काठावर उभे राहिले आणि नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टची वाट अडली. व्हिडिओ जगभर फिरला, सरकारला नियम कडक करावे लागले. नियम तेच, गाईड तेच, पण माणसं पाहुणेपण विसरली. 'मी पैसे भरलेत' असं मनात आलं की तिथेही मालकपण सुरू होतं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी लहान आहेत. रेक्टर सरांना नम्र विनंती, मेसच्या मागे झाकणाचे डबे बसवा आणि कचरा अंधार पडायच्या आत उचलला जाईल असं बघा. मागच्या वाटेवरचे दिवे लावा. मित्रांनो, रात्री नाक्यावर चहाला जाताना एकटे जाऊ नका, गप्पा मारत जा, मोबाईलवर गाणं लावा. (बेसूर गायलात तरी चालेल, तो निघून जाईल!) हायवेवर बाईकचा वेग आवरा. कधी बिबट्या दिसलाच तर मागे धावू नका, घोळका करू नका, व्हिडिओसाठी तर मुळीच थांबू नका. मागे सरका आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावा. हा नंबर नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत लागावा, परीक्षेच्या टाइमटेबलच्या शेजारी. तिथे सगळे रोज बघतात.

या सगळ्याला ना व्हिसा लागतो, ना लस, ना लाखभर रुपये. चार वर्षं आपण या डोंगराच्या पायथ्याशी राहणार आणि डिग्री घेऊन निघून जाणार. बिबटे इथेच राहणार आहेत. मग सांगा, पाहुणा कोण?