स्ट्रासबर्गची रांग, सोनगीरचा तांबट
चार दिवसांत युरोपातील एखादे शहर ‘उरकून’ येण्याची हौस आता लहान गावांतही रुजली आहे. डिसेंबरात फ्रान्समधील स्ट्रासबर्गला जाणाऱ्याच्या पदरी साडेचारलाच मावळणारा सूर्य, हाडे गोठविणारी थंडी आणि रेटारेटी पडते. तरीही १४२ मीटर उंच कॅथेड्रलच्या छायेतील, १५७० पासूनची परंपरा सांगणारा नाताळबाजार मन जिंकतो. आपला बाजार साडेचार शतके जपणाऱ्या गावाचे कौतुक करावेच लागते. परतल्यावर हाच प्रवासी मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्यापुढचे सोनगीर ओलांडतो. तेथील तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. टेकडीवर किल्लाही आहे. परदेशात काचेच्या शोभेच्या गोळ्यासाठी रांग लावणारा येथे गाडीचा वेगही कमी करीत नाही. मग तांबटाने हंडा मठारायचा तो कोणासाठी?