प्राण वाचले, हात कोणी परत द्यायचा?

पक्षाघाताचा झटका आलेल्या श्रमिकाला रुग्णालयात दाखल केले, त्याचे प्राण वाचले आणि काही दिवसांनी त्याला घरी पाठवले, की शासनाच्या हिशेबी त्याचा आजार संपतो. वस्तुतः त्याचे खरे हाल तेथून सुरू होतात. उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, शौचालाही एकट्याने जाता येत नाही. यास दैव म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हा प्रश्न दैवाचा नसून सार्वजनिक खर्चाच्या अग्रक्रमाचा आहे.

गमावलेली ही कौशल्ये पुन्हा शिकवणारे शास्त्र आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पेशा नव्हे, तर आंघोळीपासून स्वयंपाकापर्यंत माणसाची रोजची प्रत्येक कृती. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना धडका हात आधी मोकळा करावा. चमच्याची मूठ जाड करून घ्यावी. मोरीत बसायला स्टूल आणि धरायला भिंतीत दांडी असावी. ऐकताना हे क्षुल्लक वाटते. पण कोणत्या रुग्णाला काय, कोणत्या क्रमाने आणि केव्हा शिकवावे, हे ठरवण्यास प्रशिक्षित नजर लागते. शिवाय सुधारणेस पहिले काही महिनेच सर्वाधिक अनुकूल असतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2007 साली 9 चाचण्यांतील 1,258 रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. व्यवसायोपचार मिळालेले रुग्ण दैनंदिन कामांत अधिक स्वावलंबी राहिले, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता शासकीय व्यवस्थेकडे पाहावे. आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी देते; पण ती हमी रुग्णालयातील खाटेशी बांधलेली आहे. घरी गेल्यानंतरचा खर्च ती जास्तीत जास्त 15 दिवस पाहते; बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेबाहेर आहेत. ज्या महिन्यांत हाताला वळण लावायचे, नेमक्या त्याच महिन्यांत राज्य अंग काढून घेते. कामगार राज्य विमा योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या अर्धांगग्रस्त कामगाराला 2 वर्षांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळू शकतो. म्हणजे दीर्घ आजाराची जबाबदारी समाजाने उचलावी, हे तत्त्व मान्य आहे. मात्र ऊसतोड मजुराला आणि घरकामगार बाईला त्या तत्त्वाचा लाभ नाही.

यावर नियोजनकारांचे ठरलेले उत्तर असते : घरची माणसे आहेत, त्यांनाच थोडे शिकवावे. घरची माणसे म्हणजे बायको, सून किंवा शाळा सोडवलेली मुलगी! त्यांच्या श्रमाचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, म्हणूनच हा मार्ग स्वस्त भासतो. तो परिणामकारक तरी आहे काय? भारतातील 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर हीच कल्पना तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी करवून घेतलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतर मृत्यू व परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीही फरक पडला नाही. कुटुंबाची माया तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

दुसरे उत्तर दारिद्र्याचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही पुनर्वसनाचे कर्तव्य शासनाच्या ‘आर्थिक कुवती’च्या मर्यादेत बसवून ही पळवाट ठेवली आहे. परंतु कमलाबाई निंबकरांनी देशातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय 1950 साली सुरू केले, ते मुंबई महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात. तेव्हाचा भारत आजच्याहून कितीतरी गरीब होता. त्या भारताला जे परवडले ते आजच्या भारताला परवडत नाही, असे म्हणणे म्हणजे कुवत आणि इच्छा यांची गल्लत करणे होय. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्या घरी आजही व्यवसायोपचारक येतो. उरलेल्यांनी खाटेवर पडून राहावे, हा बाजाराचा न्याय आहे. समाजवाद्यांनी तो निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही.

कार्यकर्त्यांनी म्हणून तीन मागण्या घेऊन उभे राहावे. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचारकाची कायम पदे, कंत्राटी नव्हेत. शासकीय आरोग्य योजनांत झटक्यानंतर किमान सहा महिन्यांच्या पुनर्वसनाचा समावेश. आणि असंघटित कामगाराला त्या काळात निर्वाहभत्ता. निवेदने देण्याआधी आपल्या वस्तीत पक्षाघाताने घरी पडलेले किती जण आहेत, त्यांपैकी किती जणांना एकदा तरी व्यवसायोपचारक भेटला, याची घरोघर नोंद करावी. ती यादी हाती असली म्हणजे आरोग्याधिकाऱ्याला ‘मागणीच नाही’ असे सांगता येणार नाही.