चोवीस तासांत खत होत नाही

पुण्यातल्या आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी ओल्या कचऱ्यासाठी विजेवर चालणारं मशीन घेतलं. आज टाका, उद्या खत. कमिटीने त्यातून निघालेला तपकिरी भुगा पिशव्यांत भरून घरोघरी वाटला. मी तो कुंडीत मिसळून मेथी पेरली. एरवी तीन-चार दिवसांत वर येणारी मेथी आठवडा झाला तरी दिसेना. मातीवर पांढरी बुरशी मात्र जोमात आली, आणि आंबलेल्या भातासारखा वास.

हे खत नव्हतंच. तो वाळवलेला कचरा होता.

साधा हिशोब करू. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी असतं. मशीन तो तापवतं, घुसळतं, पाणी उडवतं. ढीग एवढासा होतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. रोजच्या ५० किलो कचऱ्यातलं ३० किलो पाणी उडवायचं म्हटलं तरी १९ युनिट, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या वर. मोटारीची वीज वेगळी. एवढं करून जे उरतं त्यावर पाणी शिंपडलं की थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. खात्री करायची असेल तर मूठभर भुगा ओला करा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा आणि मग पिशवी उघडून वास घ्या. तयार खताला मातीचा वास येतो.

गंमत म्हणजे, जी उष्णता आपण मीटर लावून विकत घेतोय ती नीट रचलेला ढीग फुकट देतो. मी घरामागच्या पट्टीत, कंपाउंडला लागून, तीन फूट लांब-रुंद आणि तेवढाच उंच ढीग लावला. चौथ्या दिवशी थर्मामीटर खुपसला तर ५८ अंश. आत जिवाणू जेवत होते, एवढंच. त्यांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३०:१ या प्रमाणात लागतं, हवा लागते, आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. व्यवहारात एक बादली भाजीची देठं-सालं आणि दोन बादल्या सुका पाला. माझा पहिला ढीग सडला, कारण पाला घालायचा मी कंटाळा केला होता. अळ्या झाल्या, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. दोष माझा होता. पाला घालून ढीग उलथला, तीन दिवसांत वास गेला. पहिलं खत हाताला लागलं ते तीन महिन्यांनी.

हे शोधायला मशीनची गरज पडली नव्हती. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी थर, ओलावा आणि ढीग उलथण्याच्या वेळा ठरवून पद्धत बसवली, १९३१ साली पुस्तक छापलं. तीही साधारण तीन महिन्यांचीच. त्यातला वाड आपल्याला ठाऊक नसतो, हॉवर्डही फारसा नाही.

‘आमच्या आजीकडे परसात सगळं जिरायचं’ हा सूरही मला मान्य नाही. उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे. त्यात हवा नसायची, माश्या असायच्या, आणि तो उपसायचं काम कोणाकडे असे हे आजीचे कौतुक करणारे सांगत नाहीत.

तोच प्रश्न आजही आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आम्ही तो ‘जिरवला’ मशीनमध्ये, आणि मशीनपाशी उभ्या केल्या हाउसकीपिंगच्या मावशी. आमच्या चिकनच्या हाडांतून चमचे आणि सॅनिटरी पॅड त्या निवडतात, मशीन अडकलं तर बोलणीही त्याच खातात. पाटी मात्र ‘झीरो वेस्ट’ची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडला. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला त्या गावांची नावं कळली. आपला कचरा दुसऱ्याच्या नाकाखाली ठेवायची ही सवय डेपोपासून आमच्या बेसमेंटपर्यंत आली, इतकाच फरक.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. ‘तुम्ही काही करू नका, सगळं आपोआप होईल’ हे वाक्य विकण्यात माझाही हात आहे, म्हणून ते मला लांबून ओळखू येतं. ‘वेळ कुणाला आहे?’ असं विचारतात. मला रोज पाच मिनिटं लागतात, आणि रविवारी ढीग उलथायला अर्धा तास. ज्यांना जागा नाही त्यांचं म्हणणं खरं आहे, पण आमच्याकडे जागा आहे. दर फेब्रुवारीत आमच्याच झाडांचा पाला गोण्यांत भरून आम्ही पैसे देऊन बाहेर पाठवतो.

पुढच्या मीटिंगमध्ये मशीनच्या वार्षिक देखभालीचा करार मंजुरीला येतोय. मी विरोधात मत देणार आहे. त्याऐवजी पंपरूममागची दहा बाय दहाची जागा आणि पाल्याच्या गोण्या मागणार आहे, आणि घरटी पाळी लावून ढीग आपणच उलथायचा असा ठराव. सध्या त्या जागेत तीन मोडक्या सायकली आणि मागच्या गणपतीचा मांडव पडलाय.