हुकूम मोडणारा शिपाई

जिवतीहून माणिकगडाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे धावणारी मुले दिसतात. गोंडांची, कोलामांची, मराठवाड्यातून येऊन येथे घर केलेल्यांची. कोणास पलटणीत जावयाचे असते, कोणास पोलिसांत. ही मुले भरती झाली की त्यांचे नशीब वरिष्ठाच्या हाती जाते. म्हणून उद्धट शिपायाशी सरदाराने कसे वागावे हा प्रश्न केवळ लष्करी छावणीतला नव्हे, तो घराघरांतला आहे. परंतु पांढरपेशा समाजात या प्रश्नावर जे बोलले जाते ते ऐकून आम्हांस खेद होतो. ज्यांचा मुलगा कधी पलटणीत गेला नाही व जाण्याचा संभवही नाही, असे सद्गृहस्थ आरामखुर्चीत बसून निर्णय देतात की शिपाई उलट बोलला, तर त्यास तेथल्या तेथे चिरडावा. शिस्तीचा एवढाच अर्थ!

आम्ही शिस्तीचे वैरी नाही. गडचिरोलीच्या रानात रात्री चाललेल्या तुकडीत एकाने थांबण्याचा हुकूम मोडला, तर जीव दहांचे जातात. तेथे वाद घालावयास वेळ नसतो व तो घालूही नये. आधी हुकूम पाळावा, मग गाऱ्हाणे मांडावे, हा नियम आम्हांस मान्य आहे. परंतु या नियमाचे दोन भाग आहेत, आणि आमच्या आरामखुर्चीतल्या सेनापतींस पहिलाच तेवढा पाठ येतो. गाऱ्हाणे मांडावयाची जागाच बंद केली, तर पहिला भाग किती दिवस टिकेल?

हे केवळ तर्काने सांगत नाही. मुंबईच्या कुलाब्यातील 'तलवार' या नौदलाच्या तारायंत्रशाळेत १९४६ साली काय घडले ते पाहावे. १९४५ च्या डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास तेथील भिंतींवर घोषणा रंगविल्या गेल्या; २ फेब्रुवारीस बलाईचंद दत्त या तरुण खलाशास पकडण्यात आले. हा उघड आज्ञाभंग होता व अधिकाऱ्यास त्याचा बंदोबस्त करणे भाग होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुढे प्रमुख कमांडर किंग याने ८ फेब्रुवारीस खलाशांच्या आईबापांवरून शिव्या दिल्या. खलाशांनी काय केले? दंगा नव्हे, काहींनी रीतसर तक्रार केली. म्हणजे नियमाने नेमून दिलेल्या दारावरच त्यांनी थाप मारली. आठवडा उलटला तरी दार उघडले नाही. उलट तक्रार खोटी ठरल्यास परिणाम भोगावे लागतील, अशी समज मात्र मिळाली. अन्न निकृष्ट होते ते निराळेच. १८ फेब्रुवारीस खलाशांनी अन्न नाकारले व काम थांबविले. त्या दिवशीही हे प्रकरण एका आस्थापनेपुरते होते.

नंतरची कथा सर्वांस ठाऊक आहे. सुमारे ७८ जहाजे व वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात ओढले गेले. २१ तारखेस अॅडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून सांगितले की नौदलाचा नाश झाला तरी बेहत्तर, पण बंड मोडले जाईल. ज्या नौदलाचे आपण प्रमुख, त्याच्याच नाशाची भाषा! मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेस वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने खलाशी शरण आले, आणि पुढे चारशे शहात्तरांस नोकरीतून काढण्यात आले. न्यायमूर्ती फझल अली यांच्या चौकशी समितीने कारणे शोधली, त्यांत अन्न, वागणुकीतला भेदभाव व त्या प्रमुखाची जीभ ही सर्व होती. स्वातंत्र्याची ऊर्मी त्या उठावामागे होतीच, ती आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ऊर्मी तर देशभर होती; तिचा भडका त्या दिवशी त्याच ठिकाणी का उडाला, याचे उत्तर मात्र एका अधिकाऱ्याच्या तोंडात आहे.

कोणी म्हणेल, तो परकीयांचा उर्मटपणा. ठीक, मग घरचेच उदाहरण घेऊ. १६७३ साली उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास सरनोबत प्रतापरावांनी सोडून दिले. महाराजांचा संताप न्याय्य होता, कारण तो शत्रू पुन्हा उलटलाच. पण महाराजांचे कडक बोल त्या मानी पुरुषाच्या जिव्हारी लागले व १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत, परंपरा सांगते त्याप्रमाणे अवघ्या सहा स्वारांनिशी तो शत्रूवर तुटून पडला. आम्ही त्या मरणाची गाणी गातो. स्वराज्याने राज्याभिषेकापूर्वी सुमारे साडेतीन महिने आपला सेनापती गमावला, हा हिशोब मात्र मांडीत नाही! थोर राजाचा न्याय्य शब्दही जर असा घाव करतो, तर सामान्य सुभेदाराच्या अन्याय्य शिवीचे काय बोलावे?

म्हणून आमचे म्हणणे असे. शिपाई उद्धट वागला, तर त्यास चारचौघांत फाडून खाऊ नये. बाजूस घेऊन, राग निवल्यावर, काय घडले ते आधी त्याच्याच तोंडून ऐकावे. अपराध ठरला तर शिक्षा खुशाल द्यावी व लवकर द्यावी. टांगती ठेवलेली शिक्षा साऱ्या तुकडीस कुजविते. घरून आलेले पत्र, नाकारलेली रजा, आजारी बाप, यांपैकी काय त्या उद्धटपणामागे आहे हे ज्या नायकास ठाऊक नाही, त्याने आपली तुकडी ओळखलीच नाही. आणि तक्रार करणाऱ्यास तक्रारीबद्दल शिक्षा तर कधीच होता कामा नये.

हे आमच्या मनाचे लाड नव्हेत. १९५० च्या लष्करी कायद्यातील एकेचाळिसावे कलम हुकूम मोडणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंत कैद सांगते, परंतु हुकूम 'कायदेशीर' असला पाहिजे, ही अट तेथेच घातलेली आहे. सव्विसावे कलम शिपायास गाऱ्हाणे वर नेण्याचा हक्क देते. आणि सत्तेचाळिसावे कलम हाताखालच्या माणसास मारणाऱ्या वा छळणाऱ्या वरिष्ठास सात वर्षांपर्यंत कैद सांगते. पहिले कलम प्रत्येक छावणीत रंगरुटाच्या कानांवर पडते. उरलेली दोन त्याच्या कानांवर किती वेळा पडतात, हे सुटीवर गावी आलेल्या कोणत्याही शिपायास विचारून पाहावे.