सुई म्हणजे शेवट नव्हे



"डॉक्टरांनी आईला इन्शुलिनची सुई सांगितली," असे सांगताना घरातल्यांचा चेहरा उतरतो. कळंब असो वा मंचर, शेजारीपाजारी लगेच म्हणतात, "एकदा सुई लागली की सुटत नाही. आता काही खरं नाही." मग आई नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलते. साखर वाढतच राहते, पायाची जखम भरत नाही, नजर अधू होते. हे नुकसान सुईने होत नाही, ती टाळल्याने होते.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास पायांच्या वेदनांमुळे त्यांना झोप लागत नसे. ते इन्शुलिन घेत. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यावर, स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या औषधपाण्याची काळजी वाहिली. दुखणे गेले नाही, पण काम थांबले नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली.

वर्षे सरतात तसे अनेकांच्या शरीरात इन्शुलिन कमी तयार होते. ती उणीव सुई भरून काढते. त्यात रोग्याचा दोष नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा गरोदरपणात कधी कधी ती थोडे दिवसच लागते. बंद करायची की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

सुई बारीक असते, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची असते. पहिल्या वेळी नर्सताईंकडून शिकून घ्या. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज वापरा. दुसरी वापरल्यास मात्रा चुकते.

घरी फ्रीज नाही? एका वेळी एकच बाटली आणा. पाणी शिरणार नाही अशा बंद डबीत घालून ती ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका.

कांदे काढायला जाणाऱ्या भगिनींनी सुई घेऊन उपाशी राहू नये. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पदराला साखरेची पुडी बांधलेली असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

आणि ही विद्या आईने एकटीने शिकू नये. लेकाने शिकावी, सुनेनेही शिकावी. घरात एक जण जरी सोबत बसला, तरी सुईची भीती निम्मी होते.